न कापणारा दात

मराठी विभागासाठी लेख दे, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा पोटात गोळाच आला. बालवर्गापासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट! त्यामुळे माझं मराठी म्हणजे थोडं घरचं, थोडं मामाकडचं आणि उरलेलं सिरियलमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. "पण लिहू कशावर?" विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "सुट्टीत काय केलंस, त्यावर लिही."

सुट्टीत मी एका माणसाच्या खांद्याचं हाड मोडलं. म्हणजे मी हात लावला नाही, पण मोडलं माझ्यामुळेच. तर त्यावरच लिहिते.

माझा मामा भिवंडीला काल्हेरला राहतो. भिवंडी म्हटलं की हॉस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला, "तिथे लूम्स ना?" आहेत, लूम्स आहेत. पण काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या बाजूला गेलात तर नजर जाईल तिथे गोडाऊन. तुम्ही रात्री दोन वाजता मोबाईलवरून जे काही मागवता, ते तुमच्यापर्यंत यायच्या आधी बऱ्याचदा इथेच कुठेतरी पत्र्याखाली पडलेलं असतं. या गोडाऊनच्या कंपाउंडमध्ये रेन ट्री, गुलमोहर, सुबाभूळ अशी झाडं आहेत. पावसाळ्याआधी त्यांच्या फांद्या छाटाव्याच लागतात. नाहीतर जूनच्या पहिल्या वाऱ्यात फांदी पत्र्यावर, पत्रा फाटला की पाणी मालावर, आणि मग मालक, भाडेकरू, इन्शुरन्स अशी तिहेरी भांडणं. मामा ही छाटणीची कामं घेतो. (अख्खं झाड तोडणं वेगळं. त्याला परवानगी लागते, शहरांसाठी तर १९७५ पासून त्याचा कायदा आहे. मामा त्या भानगडीत पडत नाही.) एप्रिल, मे आणि जूनचा पहिला आठवडा, एवढाच सीझन. वर्षाची निम्मी कमाई त्यात.

पूर्वी माणूस कोयता घेऊन झाडावर चढायचा. आता मामाकडे लांब दांड्याची चेनसॉ आहे. तिचं इंग्लिश नाव पोल प्रूनर, पण मामाकडे सगळे तिला नुसतं 'दांडा' म्हणतात. एका टोकाला छोटं टू-स्ट्रोक इंजिन, दुसऱ्या टोकाला १० इंची पट्टी, पट्टीवर फिरणारी चेन. मध्ये अडीच मीटरचा पाईप आणि त्याच्या आतून जाणारा शाफ्ट. सगळं मिळून वजन सात-आठ किलो. सात-आठ किलो म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण आपण सगळ्यांनी कॅन्टिलिव्हर बीमची गणितं केली आहेत ना? त्यातला फिक्स्ड एंड म्हणजे तुमचे दोन खांदे, असं समजा. मान मागे, हात वर, डोळ्यात भुसा. मी पहिल्या दिवशी हौसेने दहा मिनिटं धरला, आणि रात्री मामीने वरण-भात अक्षरशः चमच्याने खायला लावला, कारण बोटं वळत नव्हती.

हा दांडा चालवायचे काका. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. काका आधी पॉवरलूमवर जॉबर होते. जॉबर म्हणजे लूमचा डॉक्टर. लूम बिघडला, टायमिंग चुकलं, धोटा उडायला लागला की जॉबरला हाक. मालकाने लूम भंगारात विकले तेव्हा काकांचं वय पन्नाशीला आलेलं. मग मामाकडे आले. मला ते 'बाय' म्हणतात. आमच्याकडे मुलीला, बहिणीला, सगळ्यांनाच प्रेमाने 'बाय' म्हणतात, इंग्लिशमधल्या टाटा-बाय-बायशी त्याचा काही संबंध नाही!

संध्याकाळी काम संपलं की काका ओट्यावर बसून दांड्याची सेवा करायचे. आधी चेन ढिली करायची. गरम असताना ताणलेली चेन थंड झाली की आकसते आणि रात्रभर शाफ्टच्या बेअरिंगवर ताण देत बसते. मग पट्टी काढायची, तिच्या खाचेत भुसा आणि तेलाचा जो काळा हलवा झालेला असतो तो पातळ पत्र्याने खरवडायचा, तेल यायचं बारीक भोक तारेने मोकळं करायचं. पट्टी परत बसवताना उलटी बसवायची, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. एअर फिल्टर झटकायचा. दोन-चार दिवस मशीन बंद राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून ठेवायचं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कार्बोरेटरचं वाटोळं करतं. हे शेवटचं मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "ते काय असतं ते मला नाय माहीत, पण हल्ली दांडा सकाळचा चालू होताना लय नखरे करतो." चेनसाठी जळकं इंजिन ऑईल वापरायला मात्र ते कधीच तयार नसायचे. मामा पैसे वाचवायला एकदा गॅरेजमधून कॅनभर घेऊन आला होता, तर काकांनी त्यात बोट बुडवून मामाच्या समोर धरलं. त्यात लोखंडाची चमकी होती. विषय संपला.

आणि सगळ्यात शेवटी धार. त्याला मात्र मला हात लावू द्यायचे नाहीत. मी साफसफाईवाली.

या मशीनला धारेचं एवढं महत्त्व का, ते सांगते. हातातली चेनसॉ बोथट झाली तर माणूस वरून दाबून वेळ मारून नेतो. (तेही चूकच, पण नेतो.) दांड्याला दाबणार कसं? तुम्ही अडीच मीटर खाली उभे. तिथे चेननेच लाकडात स्वतःहून उतरलं पाहिजे. बोथट चेनने फांदी कापायची म्हणजे लांबलचक काठीने भिंत ढकलत बसायचं. ओळखायची खूण काकांनी पहिल्याच दिवशी सांगितली: खाली ओल्या खोबऱ्याच्या किसासारखा भुसा पडला तर धार ठीक, पिठासारखा पडला तर चेन उतरव. भिवंडीत चेन फार लवकर बोथट होते. एक म्हणजे हायवेची धूळ सालीत बसलेली. आणि दुसरं, खिळे! 'गाळा भाड्याने देणे आहे', 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', सगळे बोर्ड झाडालाच ठोकतात. बोर्ड जातो, खिळा राहतो, झाड त्याला पोटात घेतं. मग पाच-सहा वर्षांनी आपली चेन त्याच्यावर जाते, ठिणगी उडते आणि चार-पाच दातांची माती.

मे महिन्याच्या मध्यावर काकांच्या पुतण्याची हळद होती. आगरी हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना मी काही समजावू शकत नाही. लग्न एक वेळ चुकलं तरी चालेल, हळद चुकता कामा नये. काका दोन दिवस रजेवर. आदल्याच दिवशी चेन खिळ्यावर गेलेली. मामा म्हणाला, काका आल्यावर बघू. माझ्या डोक्यात आलं, थर्ड इयर मेकॅनिकल आहे मी, फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये एम.एस.चा जॉब स्वतः घासून केलाय (हो सर, माझा मीच केला होता), एवढं नाही जमणार? मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले, मशीनचं पुस्तक वाचलं आणि बसले.

खरं सांगायचं तर निम्मं काम मी बरोबर केलं. पिच मोजला: लागोपाठ तीन रिव्हेटांमधलं अंतर घ्यायचं आणि दोनाने भागायचं. ३/८ इंच, लो प्रोफाईल. त्याला ४ मिलिमीटरची गोल कानस. कानस दाताच्या वरच्या पात्याशी ३० अंशात, आतून बाहेर एकाच दिशेने, परत येताना उचलून. कानसेचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर राहिला पाहिजे. चेनला २० दात, १० डावे, १० उजवे. आधी एका बाजूचे सगळे, मग दुसऱ्या बाजूचे, प्रत्येकाला घास सारखेच. एक बाजू जास्त घासली गेली तर फांदीतला काप सरळ न जाता वाकडा जातो. नाक्यावरच्या ग्राइंडरवाल्याकडे नेली नाही, तेही बरं केलं. तिथे दात निळा पडतो आणि निळा पडला म्हणजे त्याचं पाणी गेलं.

एवढं करून ट्रायल घेतली. धार नखाला लागत होती, पण चेन लाकडावरून नुसती सरकत होती. किस बारीकच.

इथे चेनच्या दाताची रचना सांगावी लागेल. प्रत्येक कापणाऱ्या दाताच्या पुढे, त्याच कडीवर, एक बुटका उंचवटा असतो. त्याला धार नसते. तो काही कापत नाही. पुस्तकात त्याचं नाव डेप्थ गेज. तो कापणाऱ्या दातापेक्षा किंचित खाली असतो, आमच्या चेनला ०.६५ मिलिमीटर. म्हणजे दात एका वेळी लाकडात किती शिरेल ते हा बुटका ठरवतो. आता गंमत अशी की कापणाऱ्या दाताची पाठ मागे उतरती असते. जसजसा तो घासला जातो, तसतशी त्याची उंची कमी होते आणि बुटका तेवढाच राहतो. फरक कमी होत जातो. म्हणून चार-पाच वेळा धार लावली की बुटक्यालाही सपाट कानसेने थोडं खाली घ्यावं लागतं. थोडं म्हणजे कानसेचा एखाद-दुसरा घास. आणि तेही गेज लावून.

मामाकडे गेज दिसला नाही. मी अंदाजाने घासले. पहिल्याला तीन घास दिले, फरक दिसेना. म्हणून पाच, मग आठ. आणि सगळे सारखे दिसायला हवेत म्हणून बाकीचेही तसेच. शेवटी शेवटी तर मजा येत होती. न कापणारा तुकडा मध्ये कशाला, असंच काहीतरी डोक्यात होतं.

ट्रायलला जी फांदी घेतली ती मनगटाएवढी, सुकी, जमिनीवर पडलेली. चेन तिच्यातून लोण्यातून गेल्यासारखी गेली. मोठमोठे छिलके उडाले. मामाने पाठ थोपटली. "इंजिनियर बाई!" असं म्हणाला. मी त्याचा फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकला होता, तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी त्याला लाईकही दिलं होतं.

काका हळदीवरून आले ते जागरणाने डोळे लाल. पूर्णाच्या एका गोडाऊनमध्ये रेन ट्रीची मांडीएवढी जाड फांदी होती. काकांनी नेहमीप्रमाणे आधी खालून छोटा काप दिला, साल ओरबाडत येऊ नये म्हणून, आणि मग वरून लावला. पट्टीच्या खालच्या अंगाने कापताना चेन मशीनकडे धावत असते, त्यामुळे लाकूड मशीनला पुढे, झाडाकडे ओढतं. एरवी ही ओढ मऊ असते. त्या दिवशी दांड्याने हिसका मारला. ओल्या लाकडात प्रत्येक दात नको तेवढा खोल शिरत होता. पहिला हिसका, दुसरा हिसका, आणि इंजिन गुरगुरून चेन अडकली. काका तोल सावरायला दोन पावलं पुढे गेले. म्हणजे फांदीच्या खाली, जिथे कधीही उभं राहायचं नाही असं ते मला रोज सांगायचे. अर्धी कापलेली फांदी तेव्हाच कडाडली.

डोक्यावर हेल्मेट होतं. फांदीचं बूड उजव्या खांद्यावर आलं.

कॉलर बोन. डॉक्टरांनी पाठीमागून इंग्लिश आठच्या आकड्यासारखा पट्टा बांधला आणि सहा आठवडे हात वर करायचा नाही असं सांगितलं. मेच्या मध्यापासून सहा आठवडे म्हणजे सगळा सीझनच.

मला लगेच कळलं का? हो. पहिल्या हिसक्यालाच कळलं. मी तिथे रिक्षाजवळ पाण्याची बाटली घेऊन उभी होते आणि मला माहीत होतं. पण मी बोलले नाही. दवाखान्यात नाही, घरी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. काका सगळ्यांना सांगत होते, "माझाच पाय चुकला, झोप नव्हती झाली." मी ऐकून घेत होते. कॉन्व्हेंटमध्ये दर शुक्रवारी मॉरल सायन्सचा तास असायचा. त्यात मला नेहमी ए ग्रेड. हे आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं.

चौथ्या दिवशी रात्री लाईट गेली म्हणून सगळे गच्चीवर होतो. मामा मामीला म्हणाला, "वय झालं आता त्यांचं. पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघावा लागेल." मामी हं म्हणाली. बस, एवढंच. काका मामाच्या हिशोबातून बाद झाले होते, आणि मला झोप लागेना. अकराच्या सुमारास मी मामाला उठवलं आणि सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला काय सांगतेस? त्यांना जाऊन सांग."

सकाळी गेले. काका दारात खुर्चीवर ताठ बसलेले, पट्ट्यामुळे वाकता येत नव्हतं. मी सुरुवात केली, पण रडणंच जास्त आणि बोलणं कमी झालं. त्यांनी काकूला आतून एक फडकं आणायला सांगितलं. फडक्यात आमची चेन!

"दुसऱ्या हिसक्याला कळलं मला, बाय," काका म्हणाले. "तेव्हाच बंद करायला पायजे होता. नाय केला. ते माझं. बाकीचं तुझं." त्यांनी असे सरळ दोन भाग करून दिले. माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत, आणि मला वाटतं ते बरंच झालं. मग म्हणाले, "कानस आणलीस का?"

खाली घासलेला बुटका वर कसा आणणार? वर येत नाही. उपाय एकच, कापणारा दात मागे घासत न्यायचा, म्हणजे त्याची उंची उतरून फरक परत जागेवर येतो. चेनचं अर्धं आयुष्य त्यात गेलं. मला दोन संध्याकाळी लागल्या. २० दात. घास मोजायचे सोडून दिले. काका नुसते बघायचे आणि आवाजावरून चुका काढायचे. "घासली. नीट लाव." "आता कापतेय." कानस कापते तेव्हा आवाज वेगळा आणि नुसती घासते तेव्हा वेगळा, हे मला चार दिवसांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर हसले असते. लूमच्या धोट्याला बारीक कुस राहिली तरी ताणा तुटतो, ती काका बोटाने शोधायचे. तेच बोट इथे दातावरून फिरवायचे.

आणि गेज? तो सगळा वेळ घरातच होता. हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा! दोन कापणाऱ्या दातांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवायची, बुटक्याच्या वर जी फट राहील तिच्यात हा तुकडा आडवा सरकवायचा. जेमतेम सरकला तर बरोबर. सैल सरकला तर बुटका जास्त खाली गेला, अडकला तर अजून घ्यायला हवा. कॉलेज सुरू झाल्यावर मी तो तुकडा मेट्रॉलॉजी लॅबमध्ये नेला, रंग खरवडला आणि मायक्रोमीटरवर लावला. ०.६३ मिलिमीटर. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दोन शतांश कमी. काकांना हा आकडा कधीच माहीत नव्हता. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी चांगल्या नव्या चेनमध्ये हाताला येईल ते सगळं घालून बघितलं होतं, पोस्टकार्डसुद्धा, आणि ब्लेड बरोबर बसलं होतं.

घासता घासता मी त्यांना या दाताची गोष्ट सांगितली. जुन्या चेनसॉला साध्या करवतीसारखे दात असायचे, सारखी धार लावावी लागायची. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याला एका ओंडक्यात एक अळी दिसली. लाकूड ओलं असो की सुकं, ती आडवं, उभं कसंही खात चालली होती, डावा जबडा, उजवा जबडा, डावा, उजवा. कॉक्सने तसाच डावा-उजवा वळलेला दात बनवला, १९४७ मध्ये तशी चेन विकायला काढली, आणि आज जगभरच्या चेनला त्याच घाटाचे दात आहेत. काका जोरात हसले आणि खांदा धरून कळवळले. "भिरूड! आमच्या आंब्याला लागतो तोच. इकडे आम्ही त्याला तार घालून मारतो, आणि तिकडे त्याच्यावर कारखाना काढला!"

मामाने दवाखान्याचा खर्च दिला आणि सहा आठवडे अर्धी मजुरी दिली. अर्धीच. यावर माझं आणि मामाचं अजून एकमत झालेलं नाही. मी माझ्या खात्यातले जे होते ते घेऊन गेले तर काकूने परत पाठवले, आणि वर पिशवीत जांभळं घालून दिली. पुढच्या वर्षीच्या माणसाचा विषय मात्र मामाने परत काढला नाही.

गेल्या आठवड्यात सबमिशनच्या गडबडीत काकांचा फोन आला. खांदा ठीक आहे, फक्त पावसात दुखतो. परीक्षा कधी संपते विचारलं. येताना मुंबईला नागदेवीवरून ४ नंबरच्या दोन गोल कानशी घेऊन ये म्हणाले, इथे मिळतात त्या लवकर झिजतात. मी विचारलं, सपाटही आणू का?

"सपाट माझ्याकडं हाय," काका म्हणाले. "कुलपात ठेवलीय."